धाकटीची भुवई

"नको," आई म्हणाली, आणि डाव्या हातातल्या ओल्या फडक्यानं तिनं गौरीचं तोंड पुसून टाकलं.

ही चौथी खेप. काजळ आणि कुंकू एकमेकांत मिसळून तांब्यावर नुसता चिखल झाला. मी ब्रश आपटला.

"अगं, काय नको? डोळे नकोत? नाक नको? का मीच नको?"

"नको," आई म्हणाली.

आषाढात झटका आल्यापासून तिच्या तोंडात हा एवढाच शब्द उरला होता. भूक लागली तरी नको, भूक नसली तरी नको. उजवं अंग गेलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, जन्मभर जिचं तोंड आणि हात सारख्याच वेगानं चालले, ती आता पुढच्या खोलीत तक्क्याला टेकून बसायची आणि एका शब्दावर अख्खा दिवस काढायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दुसरा झटका केव्हाही येईल. त्यांना त्रागा करू देऊ नका." आणि आज सकाळपासून बाईंनी कण तोंडात घेतला नव्हता. गोळीसुद्धा नाही. माझी बायको शैला पेजेची वाटी पुढं करायची, की आई वाटीकडं न बघता तांब्याकडं बोट दाखवायची. आधी ते, मग बाकीचं.

आमच्या फलटणच्या घरी गौरी तांब्यावरच्या. म्हणजे विकतचे मुखवटे नाहीत. दोन तांब्याचे तांबे, त्यांच्यावर शाडूचा पातळ लेप, तो वाळला की हळदीचा हात, आणि मग काजळानं डोळे-भुवया, कुंकवानं ओठ. घरातल्या सगळ्यात वडील बाईनं काढायचे. तिसऱ्या दिवशी विहिरीवर नेऊन धुऊन टाकायचे. साठ-बासष्ट वर्षं आईनं हे चेहरे काढले आणि साठ-बासष्ट वर्षं ते पाण्यात गेले. एकाचाही फोटो आमच्याकडं नाही. असतो कुणाकडं? चेहरा दरवर्षी नवा येणारच, हे आम्ही गृहीतच धरलेलं.

या वर्षी येणार कसा, हा प्रश्न होता. शैला म्हणाली, "मला धड पुरी गोल लाटता येत नाही, देवीचं नाक कुठलं काढू?" तेव्हा मी छाती पुढं काढून म्हणालो, "मी आहे की!" मी पेंटर. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या. थोरली गौर मी पहिल्या फटक्यात काढली. आईनं बघितली, मान हलवली, झालं. धाकटीपाशी मात्र गाडं अडलं ते अडलंच. दिवस मावळायच्या आत गौरी घरात घ्यायच्या असतात, आणि घड्याळात अडीच वाजले होते.

आईचा हात म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिवणकामाचं दुकान होतं. तिथल्या चिंध्या ती घरी आणायची आणि त्यातनं बाहुल्या, हत्ती, सोंड हलणारा गणपती, काय वाटेल ते उभं करायची. संक्रांतीला गल्लीतल्या प्रत्येक नव्या सुनेच्या अंगावरचे हलव्याचे दागिने तिनं केलेले. तिळाच्या एकेका दाण्यावर काटा फुलवत शेगडीपुढं तासन् तास बसायची, बोटं भाजून निघायची, आणि वर गुणगुणायची. कुणाच्या घरी लग्न निघालं की उखाणे तिचे, रुखवत तिचं. खोबऱ्याची पालखी, साखरेची तुळस, शेवयांचं घरटं. माझी मुलगी पल्लवी झाली तेव्हा आई बहात्तर वर्षांची होती, तरी तिनं बाळाची अकरा झबली केली आणि प्रत्येकावर वेगळा पक्षी काढला. "एकच पक्षी बघून पोरगी कंटाळेल," म्हणाली.

फक्त एका लग्नाचं रुखवत तिला मांडता आलं नाही. पोटच्या पोरीच्या. माझी धाकटी बहीण मंदा. तिनं जातीबाहेर, स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि सोलापूरला गेली. चार महिन्यांत अण्णा हृदयविकारानं गेले. अण्णांना पोचवून आम्ही घरी आलो, तर ही नवऱ्याबरोबर दारात उभी. मी तिला दारातनंच परत पाठवली. रागाच्या भरात माणूस काय काय बोलतो, मीही बोललो असेन. अकरा वर्षं झाली होती त्याला. आईनं त्यानंतर माझ्यापुढं मंदाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मला वाटलं, तीही विसरली.

तर पाचवी खेप.

पुन्हा लेप दिला, पुन्हा पंख्याखाली धरला, पुन्हा हळद. बारा वर्षांची पल्लवी शेजारी मांडी घालून बसली होती. मी भुवया ओढायला घेतल्या. माझ्या हातची भुवई म्हणजे कशी, धनुष्यासारखी, एका दमात. उजवी झाली, डावी झाली.

"बाबा," पल्लवी म्हणाली, "आजी डावी भुवई अशी काढत नाही."

"मग कशी काढते?"

"मधे तुटकी. इथं थोडी जागा सोडते."

"ती जागा सोडत नाही गं. म्हातारपणी हात हलतो, ब्रश सुटतो."

मला ते चांगलं ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं धाकटीची डावी भुवई मधोमध तुटलेली असायची, आणि मी आईची चेष्टा करायचो. "आई, माझ्या पाटीवर अशी रेघ तुटली तर गिऱ्हाईक मला दारात उभं करणार नाही!" ती हसायची. म्हणायची, "तुझी पाटी तुझ्यापाशी. माझी पोर माझ्यापाशी." तिच्या बोलण्याच्या तऱ्हा मला माहीत होत्या, मी तिकडं लक्ष दिलं नाही. देवीला कुठं व्यंग काढतात का? यंदा माझ्या हातानं ती अखंड होईल, असं मी मनात ठरवूनच बसलो होतो.

मी तांब्या आईपुढं धरला. तिनं बघितलं. मग तिचा डावा हात वर आला. मला वाटलं फडकं घेतेय. पण नाही, हात माझ्याकडं आला, माझ्या गळ्यापाशी. दोन बोटांनी तिनं माझ्या गळ्याची कातडी धरली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. डोळे काठोकाठ भरलेले.

"पाणी पाहिजे? शैला, पाणी आण गं! आईच्या घशाला कोरड पडलीय."

शैलानं फुलपात्र आणलं. आईनं ते हातानं बाजूला सारलं. "नको." पाणी सांडलं. पुन्हा माझा गळा धरला. "नको, नको, नको." आता ती हुंदके देत होती. एक बाजू लुळी पडलेल्या तोंडानं रडणं कसं असतं, ते बघणाऱ्यालाच माहीत. माझा धीर सुटला.

"आई, मी काय करू गं? तू सांगशील ते करतो! पण मला कळलं तर पाहिजे ना!"

तिनं गळा सोडला. फडकं उचललं. पाचवं तोंड गेलं.

सहावं गेलं. सातव्या वेळी ब्रश मी तिच्याच हातात दिला, तर तिनं तो ओल्या शाडूत बुडवून डाव्या हातानं नेमका डाव्या भुवईवर एक पांढरा ठिपका मारला. मी म्हणालो, "अगं घसरला," आणि काजळानं तो बुजवला. तेव्हा तिनं माझ्या हातावर चापट मारली. लहानपणी मारायची तशीच. पण त्या चापटीत जोरच नव्हता, आणि त्यानं मला जास्त रडू आलं.

साडेपाच झाले. शैला दारात रांगोळीची पावलं काढून आत आली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, एक विचारू? गेल्या वर्षी आईंचा हात ठणठणीत होता. हळदीकुंकवाला पाच फुटांची रांगोळी काढली होती त्यांनी, एक टिंब इकडचं तिकडं नाही. मग भुवईच तेवढी कशी घसरेल?"

मी आईकडं बघितलं. तोवर पल्लवीनं तांब्या स्वतःच्या मांडीत घेतला होता. आगकाडीचं टोक पाण्यात ओलं करून तिनं डाव्या भुवईच्या मधली काजळाची रेघ खरवडली. तिरकी, तांदळाएवढी जागा. मग हनुवटीवर, उजवीकडं, एक बारीक तीळ दिला.

"हा पण असतो, बाबा. तुम्ही कधी बघितलाच नाही."

तिनं तांब्या आजीपुढं धरला.

आईनं फडकं खाली टाकलं. हात पुढं केला आणि त्या तांब्याच्या गालावरून, हळद पुसणार नाही अशा बेतानं, बोटाची मागची बाजू फिरवली. तिच्या तोंडातनं एक आवाज निघाला. शब्द नव्हे. लहान पोर झोपेत कूस बदलताना करतं तसा.

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं, आणि तांब्यावर मला मंदा दिसली.

मी अकरा वर्षांचा होतो. मंदा सहा. मागच्या बोळात विटीदांडू चालू होता, मी दांडू हाणला आणि विटी हिच्या भुवईवर बसली. रक्ताची धार. अण्णा पट्टा घेऊन बाहेर आले तेव्हा ही रडत-रडत म्हणाली, "दादानं नाही मारलं. मी पायरीवर पडले." चार टाके पडले. तिथं पुन्हा केस कधी उगवले नाहीत.

"ह्या तर मंदाताई," शैला हळूच म्हणाली. "आपल्या लग्नाच्या फोटोत अगदी अशाच आहेत."

अकरा वर्षं. अकरा वर्षं दर भाद्रपदात माझी बहीण या घरात येत होती. तीन दिवस राहत होती. मी तिच्यापुढं समई लावली, तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, डोकं टेकवलं, आणि मेल्या, तुला तिची भुवई दिसली नाही! वर आईला सांगत होतो, ब्रश घसरला म्हणून. सुनेच्या, नातीच्या, अख्ख्या गल्लीच्या हौशी पुरवणारी ती बाई, तिची स्वतःची हौस एवढीच होती, आणि तीही तिनं माझ्या नाकासमोर चोरून भागवली.

दिवस मावळता मावळता गौरी आत घेतल्या. शैलानं विचारलं, "गौर कुणाच्या पावलांनी आली?" पल्लवीनं सांगितलं, "लेकीच्या पावलांनी." असं म्हणायची आमच्यात रीत नाही. तिच्या तोंडून ते आपसूक गेलं. आईनं पेज घेतली. गोळी घेतली.

मी बार्शीच्या मामांकडून मंदाचा नंबर घेतला आणि फोन लावला.

"मी बोलतोय. रमाकांत."

पलीकडनं ती म्हणाली, "आई गेली?"

"नाही, नाही. आहे. तिला झटका आलाय. तू ये, मंदा."

"तू बोलावतोयस?"

"मीच बोलावतोय. सकाळची पहिली गाडी धर."

"दादा, आणखी काही म्हणायचंय तुला?"

"आता काय म्हणू? ये म्हणतोय ना! लवकर ये."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज का पडला, मला कळलं नाही. फोन ठेवून मी आईपाशी गेलो. "आई, मंदा येतेय. उद्या दुपारी जेवायला इथं आहे ती." आईचा चेहरा अर्धाच हलायचा, पण तो अर्धा चेहरा असा उजळला की झटका आल्यापासून मी तो तसा बघितला नव्हता. आणि दुसऱ्याच क्षणाला तिचा हात पुन्हा माझ्या गळ्यावर आला. दोन बोटांत कातडी. डोळे माझ्या डोळ्यांत.

मी पुन्हा पाणी आणलं. काय सांगू! पुन्हा पाणी आणलं. या वेळी तिनं एक घोट घेतला. मला बरं वाटावं म्हणून घेतला असणार.

दुसऱ्या दिवशी गौरीपूजन. शैला सोळा भाज्या निवडत होती, पुरण शिजत होतं. आईला मी गौरींसमोरच खुर्चीत बसवली होती. तिचं लक्ष दाराकडं. साडेनऊच्या सुमाराला तिनं मला हाक मारल्यासारखा आवाज केला. मी धावलो. तिचं डोकं कलंडलं होतं, पण डावा हात हवेत काहीतरी शोधत होता. मी खाली वाकलो, तसा तो माझ्या गळ्यावर येऊन थांबला. "नको," ती म्हणाली. फार हळू म्हणाली. "नको... नको..." मी "आई, आई" एवढंच करत होतो. पल्लवी पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. बोटं सुटली. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, आणि स्टेथोस्कोप घडी घालून पिशवीत ठेवला.

घरात सूतक आलं. समोरच्या सोनवणेवहिनी आल्या. सुतकात आम्ही हात लावू शकत नव्हतो, म्हणून त्यांनी थोरलीला उचललं आणि विहिरीवर नेलं. धाकटीला उचलायला वाकल्या तेव्हा मी ओरडलो, "तिला राहू द्या!" बायका माझ्याकडं बघायला लागल्या. "एवढी दुपारपर्यंत राहू द्या, वहिनी. पाया पडतो." त्या मागं सरल्या. आईला जमिनीवर घेतलं होतं, आणि भिंतीशी पाटावर, हळदीच्या तोंडाची धाकटी तिच्याकडं बघत उभी होती.

एक वाजता मंदा आली. चष्मा लागलेला, कानाजवळ केस पांढरे, हातात पिशवी. अंगणातली माणसं बाजूला झाली. ती पायऱ्या चढली, दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. आत आई दिसत होती. तिच्या हातातली पिशवी पडली. पण पाऊल काही उचललं नाही.

"अगं, जा की आत," सोनवणेवहिनी म्हणाल्या. "आईला बघ."

ती जागची हलली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली आणि माझ्याकडं बघितलं.

"दादा, आधी सुटली म्हण."

"काय?"

"फोनवर पण तू म्हणाला नाहीस. मी वाट बघत होते." तिनं चिमटीत स्वतःच्या गळ्याची कातडी धरली. अगदी तशी. "अण्णा गेले त्या दिवशी तू इथंच उभा होतास, आणि असा गळा धरून म्हणालास, 'या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. गळ्याशपथ.' आई तुझ्या मागंच उभी होती. तिनं मला तेव्हाच डोळ्यांनी सांगितलं, जा. मग मामांकडं निरोप धाडला की, तो जोवर शपथ सुटली म्हणत नाही तोवर येऊ नकोस, माझा एकुलता एक मुलगा आहे."

मी बोललो होतो ते मला तिसऱ्या दिवशी आठवत नव्हतं. त्या दोघींनी ते अकरा वर्षं पाळलं. माझ्या जिवाला काही होऊ नये म्हणून एक लेकीवाचून राहिली आणि दुसरी आईवाचून. आणि जीव जाताना आई माझा गळा धरून मागत होती ते पाणी नव्हतं. मंदा दारातनं परत जाईल हे तिला कळत होतं. मला कळत नव्हतं.

"आई आत आहे, दादा," मंदा रडत म्हणाली. "म्हण ना रे."

"सुटली," मी म्हणालो.

तिनं उंबरा ओलांडला आणि आईच्या छातीवर जाऊन पडली. मीही आत गेलो, गुडघ्यांवर बसलो, आणि आईचा तो डावा हात उचलून माझ्या गळ्याशी धरला. गार पडला होता. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा म्हणालो, सुटली. मोठ्यानं म्हणालो. सुटली गं आई, सुटली. लोकांनी मला मागं ओढेपर्यंत मी म्हणत राहिलो.